केळं, कानटोपी आणि मी : लेकाची सर्दी काही थांबेना

मोगरा_कासारवडवली | ३ डिसेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. लेक आत्ता कुठे झोपलाय. झोपलाय म्हणजे माझ्या खांद्यावर. आडवं केलं की खोकतो. एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

वय साडेतीन. जूनपासून नर्सरीत जातोय. दिवाळीपासून ही तिसरी सर्दी. पहिली भाऊबीजेला सुरू झाली, आठ-दहा दिवसांत गेली. मग मधेच दोन दिवस ताप आणि नाक. आता परवापासून पुन्हा नळ सुरू. डॉक्टरांनी दोन्ही वेळा छाती तपासली आणि 'छाती स्वच्छ आहे, व्हायरल आहे, वाट बघा' म्हणून परत पाठवलं. फी घेऊन वाट बघायला सांगणारे डॉक्टर आमच्या घरात कुणाला पटत नाहीत.

त्यामुळे जो तो आपापला निकाल देऊन मोकळा. सासूबाई : संध्याकाळी केळं दिलंस ना? साताऱ्याहून आई : रोज डोक्यावरून पाणी कशाला घालतेस? नवरा : तू एसी चोवीसवर ठेवला होतास. लिफ्टमध्ये खालच्या काकू : कानटोपी नाही घातलीस का गं? प्रत्येक वाक्याचा कर्ता मीच.

तर जाणकारांनो, वर्षात किती सर्द्या म्हणजे नेहमीचं आणि किती झाल्या की काळजी करायची? केळं, दही, अंघोळ यांत खरंच काही तथ्य आहे का? आणि आपल्या ठाण्यात तुम्ही थंडीत मुलांचं नेमकं काय करता?

निफाडकर | ३ डिसेंबर, रात्री ११.३४

ठाण्यात थंडी? कुठल्या दुकानात मिळते? आमच्याकडे पारा सहावर आला की आम्ही 'जरा गार वाटतंय' म्हणतो.

(हलकेच घ्या. लेकाला लवकर आराम पडो.)

तिसरा_मजला | ३ डिसेंबर, रात्री ११.५१

निफाडकर, आमच्या ऐरोलीत थंडी पहाटे पाच ते सात अशी दोन तास असते. त्या दोन तासांसाठी अख्खी सोसायटी वर्षभर स्वेटर डांबरगोळ्या घालून जपते. मग सकाळी सातच्या बसला पोराला स्वेटर, आत थर्मल, वर कानटोपी. दुपारी बत्तीस अंशात ते पोर उकडलेल्या बटाट्यासारखं परत येतं. वाफ तेवढी दिसायची बाकी असते.

चिंगीचा_बाबा | ४ डिसेंबर, सकाळी ८.०५

मोगराताई, तुमचं पोस्ट बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे मीच लिहिलंय का?' आमची चार वर्षांची, घणसोली. शाळेचं पहिलं वर्ष असंच गेलं. पंधरा दिवस शाळा, पंधरा दिवस घर. फी मात्र पूर्ण वर्षाची.

नौपाड्याची_आजी | ४ डिसेंबर, सकाळी ९.४०

मोगरा, तू आधी झोप. सर्दी पोराला झालीये, रात्रभर जागून आजारी तू पडशील.

मी तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली. केळ्याने सर्दी होते म्हणणारे माझ्याही घरात होते. माझा मोठा मुलगा रोज दोन केळी खायचा, त्याला वर्षात एकदा सर्दी. धाकटा केळ्याला हात लावायचा नाही, त्याचं नाक श्रावणापासून होळीपर्यंत वाहायचं. आमच्या वेळी शाळेच्या शर्टाला पिनेने रुमाल लावून पाठवायचे, ते काही उगाच नाही. सगळ्याच पोरांची नाकं वाहायची. कुणी आयांना विचारत नव्हतं, कारण प्रत्येकीच्या घरी तेच.

एक विचारते. घरात धूप, उदबत्ती, मच्छरांची कॉईल असं काही जळतं का? आणि झोपताना याचं तोंड उघडं असतं का?

सुंठसाखर | ४ डिसेंबर, सकाळी १०.१५

डॉक्टर लोक 'वाट बघा' म्हणतात, तोवर आपण घरचं काही करावं की नाही? मी वर्तकनगरला राहते, दोन मुलं. थंडी लागली की गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं उकळून कोमट देते. रात्री हळद-दूध. झोपताना तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी छातीला, पाठीला. तिळाचं तेल कोमट करून तळपायांना. नाक फार चोंदलं तर निलगिरी तेलाचे दोन थेंब रुमालावर, आणि लहान असताना झोप येत नसेल तर जायफळ उगाळून. पाच वर्षांत अँटिबायोटिक एकदाच लागलं. केळं मात्र मी थंडीत संध्याकाळी देत नाही. कफ वाढतो हे आपल्याकडे उगाच सांगितलेलं नाही.

तिसरा_मजला | ४ डिसेंबर, सकाळी १०.२२

केळं-पक्ष विरुद्ध बिनकेळं-पक्ष. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सर्दीला पॉपकॉर्न चालतं ना?

स्टेथो | ४ डिसेंबर, दुपारी ३.१०

वाशीत लहान मुलं तपासतो. धाग्यावर निदान होत नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच लिहितो.

शाळेत जायला लागलेल्या निरोगी मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतात. पहिल्या वर्षी त्याहूनही थोड्या जास्त. या सगळ्या वर्षभरात सारख्या वाटून येत नाहीत, म्हणून हंगामात महिन्याला एक पडते. सर्दीचे विषाणू अनेक, त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून झालं की वर्गातला दुसरा मित्र दुसरा प्रकार घेऊन हजर. त्यात नाक आठ-दहा दिवस वाहतं आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पहिल्या सर्दीचं शेपूट जायच्या आत दुसरीचं डोकं येतं आणि आईला वाटतं, दोन महिने सर्दी हटतच नाहीये.

सर्दी गार हवेतून होत नाही, माणसाकडून होते. थंडीत दारं-खिडक्या लावून सगळे जवळजवळ बसतात, हवा कोरडी असते, म्हणून पसरायला सोपं जातं. केळ्यातून किंवा डोक्यावरच्या पाण्यातून विषाणू येत नाही. कोमट पाण्याने अंघोळ घाला, केस लगेच कोरडे करा, झालं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असंही नाही, चार दिवसांनी तो तसा होतोच.

काळजी कशाची करायची ते सांगतो. मूल झोपलेलं असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असो की रविवार, डॉक्टर गाठा. मूल काही पीत नाही, लघवी फार कमी झाली, सुस्त पडून आहे, ताप तीन दिवसांपुढे गेला, कान धरून रडतंय, या वेळीही थांबू नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

सुंठसाखर, गवती चहा, तुळस, हळद-दूध याला माझी हरकत नाही. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मुलाची कातडी पातळ असते, ओव्याने भाजलेली छाती मी पाहिली आहे. जायफळ नको. थोडं जास्त गेलं तरी ते विषासारखं काम करतं, 'झोप येते' ती त्यातलीच. निलगिरी तेल आणि कापूर मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात. चोळायचा बाम दोन वर्षांच्या आत नको आणि नाकात तर कधीच नको.

सुंठसाखर | ४ डिसेंबर, दुपारी ४.००

जायफळाचं माहीत नव्हतं. आमच्याकडे तीन पिढ्या उगाळतात. सहाण धुऊन ठेवते. केळ्यावर मात्र मी ठाम आहे.

स्टेथो | ४ डिसेंबर, दुपारी ४.०६

केळ्यावर ठाम राहा, चालेल. त्याच्याऐवजी पेरू द्या. संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं आणि आत्ता हंगाम आहे.

निफाडकर | ४ डिसेंबर, दुपारी ४.२०

द्राक्षांचाही उल्लेख व्हावा, ही निफाडची नम्र विनंती.

चिंगीचा_बाबा | ४ डिसेंबर, रात्री ९.३०

औषधावरून आठवलं. लाज वाटते, पण लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मागच्या जानेवारीत चिंगीला रात्री दोनला १०२ ताप. बायको माहेरी. फ्रिजवर पॅरासिटामॉलची बाटली, मी झोपेत झाकणात ओतून नेहमीसारखं पाच मिली दिलं. सकाळी बाटली नीट पाहिली तर ती नेहमीची नव्हती. नेहमीच्या बाटलीवर '५ मिलीत १२० मिग्रॅ' असतं, हिच्यावर २५०. मोठ्या पुतण्याची बाटली आमच्याकडे राहून गेली होती. रंग तोच, केशरी. दुप्पट डोस गेला होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वजन विचारलं, हिशेब केला, 'वजनाला थोडा जास्त झाला, पण एका वेळी गेलाय, घाबरू नका, पुढचा डोस उशिरा द्या' म्हणाले. तोपर्यंत माझे दोन तास कसे गेले ते मलाच माहीत.

त्या दिवसापासून बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात '१२०' लिहितो आणि दुसरी घरात ठेवतच नाही.

स्टेथो | ४ डिसेंबर, रात्री १०.०२

फार चांगलं केलंत लिहून. ही चूक आठवड्याला एकदा तरी ऐकतो. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो : किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० ते २२५ मिग्रॅ. ते १२० च्या बाटलीतले किती आणि २५० च्या बाटलीतले किती हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजला लावा. घरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घरात त्याचं माप वेगळं.

आणि खोकल्याची सिरप. गेल्या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी वाचलं असेल. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, मुलांच्या किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आत सहसा नकोत. पण हे भेसळीपुरतं नाही. शुद्ध सिरपनेही लहान मुलांची सर्दी एक दिवस लवकर जात नाही. एक वर्षापुढच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध द्या, खोकला जरा निवतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. घुटीत घालून चाटवायलाही नको.

मोगरा_कासारवडवली | ४ डिसेंबर, रात्री ११.४५

सगळ्यांचे आभार. श्वास मोजले, अठ्ठावीस. दोनदा मोजले, मधेच नवऱ्याने 'काय करतेयस' विचारल्यामुळे आकडा चुकला होता.

आजी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. सासरे रोज संध्याकाळी सातला धूप घालतात, शेणी आणि गुग्गुळ, हॉलभर. माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा नेम आहे. मी कसं सांगू? आणि हो, तोंड उघडं ठेवून झोपतो. घोरतोसुद्धा, साडेतीन वर्षांचा असून. आम्ही हसायचो, बापावर गेलाय म्हणून.

खारघर_पहाट | ५ डिसेंबर, सकाळी ६.५०

धुराचा विषय निघालाच आहे तर बाहेरचंही बोलूया. मी रोज पहाटे टेकडीवर पळायला जातो. नोव्हेंबरपासून वरून खाली बघितलं की शहरावर करडी गोधडी पांघरलेली दिसते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूळ, धूर सगळं त्या झाकणाखाली. समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत येत नाही, तोवर हलायचं नाव नाही. आणि नेमकं सकाळी सहा ते नऊ आपण मुलांना 'ताज्या हवेत' सायकल चालवायला नेतो. आमच्या इकडे त्यात भर म्हणून रात्री वारा पडला की वास येतो. कुठून येतो ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

मी मुलीला आता संध्याकाळी पाचला खेळायला सोडतो. रविवारी सकाळची सायकल बंद.

तिसरा_मजला | ५ डिसेंबर, सकाळी ९.१२

घोडबंदरच्या मंडळींना विचारा. मेट्रोच्या खांबांखालून सकाळी जाताना बाइकच्या सीटवर बोटाने नाव लिहिता येतं.

मोगरा_कासारवडवली | ५ डिसेंबर, सकाळी ९.३०

नाव काय, पत्र लिहिता येतं. आमची बाल्कनी रोज पुसते, फडकं रोज तांबूस-करडं.

करावे_गावचा | ५ डिसेंबर, दुपारी १.१५

आम्ही नवी मुंबईचे जुने लोक, शहर यायच्या आधीपासूनचे. आमच्याकडे पोराला सर्दी झाली की औषध एकच : चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, त्यात काळी मिरी जास्त, लसूण ठेचून, सोबत तांदळाची गरम भाकरी. मुठे, म्हणजे छोटे खेकडे मिळाले तर त्यांचं पातळ सूप. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि पोरगं झोपतं. आजी म्हणायची, 'पोराला कोंडून ठेवू नका, वारा लागू दे.' दार उघडंच असायचं, कुलूप नव्हतं घरात.

सुंठसाखर | ५ डिसेंबर, दुपारी १.३०

आम्ही शाकाहारी. आमच्याकडे कुळथाचं पिठलं. काम तेच करतं.

करावे_गावचा | ५ डिसेंबर, दुपारी १.३४

ताई, कुळथाला नांगी नसते. फरक आहे.

पाळणाघर_मावशी | ५ डिसेंबर, रात्री ९.०५

कोपरखैरण्यात अकरा वर्षं पाळणाघर चालवते. मला कुणाला दुखवायचं नाही, पण बोलते.

सकाळी आठला मूल हसत-खेळत येतं. अकराला मांडीत येऊन बसतं. साडेबाराला अंग तापलेलं. आईला फोन केला की 'अगं बाई, सकाळी तर छान होता!' सकाळी छान असणारच, सातला पॅरासिटामॉल देऊन आणलेला. सगळ्याच असं करत नाहीत, आणि ज्या करतात त्यांची सुट्टी संपलेली असते हेही मला ठाऊक आहे. साहेबाला काय सांगणार? मी स्वतः तिसऱ्यांदा त्याच बाईला 'घरी ने' म्हणाले नाही, ठेवून घेतलं. तीन दिवसांत नऊ मुलं आणि मी, सगळे आडवे.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. सगळ्यांना एकच टॉवेल असायचा तो काढला, प्रत्येकाचा नॅपकिन त्याच्या खुंटीला, खुंटीवर चित्र : हत्ती, पतंग, रिक्षा. आणि खाण्याआधी साबण लावून हात चोळत एक ते वीस म्हणायचे, मगच पाणी. पोरांना तो खेळ झालाय. सर्दी बंद झाली असं म्हणणार नाही, पण सगळी एकदम आडवी पडत नाहीत.

खेळणी तोंडात घालतात त्याला उपाय सापडला की कळवा.

चिंगीचा_बाबा | ५ डिसेंबर, रात्री ९.२०

मावशी, मीही एकदा डोस देऊन पाठवलंय. दुसऱ्या पाळणाघरात. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष नव्हतं.

नौपाड्याची_आजी | ६ डिसेंबर, सकाळी ८.३०

मोगरा, तू सासऱ्यांना काही सांगू नकोस. नवऱ्यालाही पुढे करू नकोस, त्यांना वाटेल तू फितवलंस. पुढच्या वेळी नातवाला डॉक्टरांकडे आजोबांनाच घेऊन जायला सांग. डॉक्टरांना आधी फोन करून ठेव. 'धूर नको' हे वाक्य पदवीवाल्याच्या तोंडून आलं की आजोबांचा मान राहतो.

तिसरा_मजला | ६ डिसेंबर, सकाळी ८.४१

आजींना वकिलीचा परवाना द्या कुणीतरी.

निफाडकर | ६ डिसेंबर, सकाळी ९.१०

जरा गंभीर प्रश्न. आम्ही पुतण्याला पाट्यावर बसवून तपेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ देतो, वर चादर. ते बरोबर का?

खारघर_पहाट | ६ डिसेंबर, सकाळी ९.२५

नको हो! आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने चादरीत पाय झाडला, पाणी मांडीवर. दहा दिवस रुग्णालयात होता. सर्दी राहिली बाजूला.

स्टेथो | ६ डिसेंबर, दुपारी २.४०

अनुमोदन. लहान मुलांना उकळत्या पाण्याची वाफ नकोच, तिचा फायदा किरकोळ आणि धोका मोठा. चोंदलेल्या नाकाला साधे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. मांडीवर आडवं घ्या, डोकं थोडं मागे, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मिनिटभर थांबा, मग पुसा. जेवणाआधी आणि झोपण्याआधी. फक्त दुकानात मागताना 'सलाइनचे' म्हणून मागा. शेजारीच नाक उघडणारे औषधी थेंब असतात, बाटली जवळजवळ तशीच. ते चार-पाच दिवसांपुढे वापरले की उलट नाक जास्त चोंदतं.

मोगराताई, तुम्ही लिहिलंय की आडवं केलं की खोकतो, तोंड उघडं, घोरतो. आडवं झाल्यावर नाकातलं पाणी घशात उतरतं म्हणून खोकला येतो, ते नेहमीचं आहे. पण सर्दी नसतानाही रोज घोरत असेल तर नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी एकदा बघायला सांगा. घाई नाही, पण सांगा. आणि फ्लूची लस दिली नसेल तर तेही विचारा. सहा महिन्यांपुढे देता येते, पहिल्यांदा चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. सरकारी मोफत यादीत ती नाही, खर्च पडतो. साध्या सर्दीवर तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर जानेवारीत मला शिव्या पडतात.

सुंठसाखर | ६ डिसेंबर, दुपारी ३.१५

माझ्या भाचीला दर थंडीत रात्री खोकला आणि शिट्टीसारखा आवाज यायचा. दोन वर्षं 'सर्दीचं अंग आहे' म्हणत काढे पाजले, मीच पाजले. शेवटी बालदमा निघाला. पंप म्हटल्यावर घरात रडारड, सवय लागेल म्हणून. आता तोंडाला नळकांडं लावून पंप घेते आणि शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. तेव्हा माझं आधीचं 'घरचं काही करावं' हे वाक्य वाचताना हेही वाचा.

स्टेथो | ६ डिसेंबर, दुपारी ३.२२

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच.

तिसरा_मजला | ११ डिसेंबर, रात्री १०.३०

अवांतर : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज 'थंडीची लाट' म्हणून निरोप फिरतोय. मी थर्मामीटर बघितला. अठरा.

निफाडकर | ११ डिसेंबर, रात्री १०.३३

अठरा हा आमचा खोलीतला आकडा. हीटर बंद असताना.

मोगरा_कासारवडवली | १२ जानेवारी, रात्री १०.५०

महिन्याने आलेय, धागा वर काढते.

आजींचा सल्ला शब्दशः पाळला. सासऱ्यांनाच नातवाबरोबर पाठवलं, डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन केला होता. आजोबा परत आले ते गप्प. संध्याकाळी सात वाजले, मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी. त्यांनी धुपाटणं घेतलं, शेणी ठेवली, मग हॉलकडे एकदा बघितलं आणि पॅसेजमध्ये गेले. मग तिथूनही परत आले. पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाले, 'देवापुढे नुसतं निरांजन लावलं तरी चालतं, नाही का गं?' मी हो म्हटलं. आता धूप फक्त गुरुवारी, बाल्कनीत, लेक शाळेत असताना. परवा वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की धुराचा वास कुठून येतो.

अ‍ॅडेनॉइड खरंच थोडे वाढलेत. नाकात मारायचा स्प्रे दिलाय, सहा आठवड्यांनी पुन्हा बघणार. घोरणं कमी झालंय, निदान त्याचं. बापाचं आहे तसंच.

सर्दीचं म्हणाल तर नाताळच्या सुट्टीत दहा दिवस कोरडा, शाळा उघडल्या चौथ्या दिवशी नाक सुरू. चौथी. पण यावेळी मी मोजून बसले नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब, रात्री मध, दिवसा खेळायला खाली. काल संध्याकाळी बघते तर सासूबाईच त्याला केळं सोलून देत होत्या. मला बघून म्हणाल्या, 'राजेळी आहे, याने नाही होत.'

आता नवा प्रश्न. रविवारी त्याचं बोरन्हाण. पाच वर्षांच्या आत करायचं म्हणून याच वर्षी ठरवलंय, नाक वाहत असताना करावं का? सोळा पोरं येणार आहेत.

स्टेथो | १२ जानेवारी, रात्री ११.०५

ताप नसेल आणि खेळत असेल तर करा. नाक तर त्या सोळांपैकी निम्म्यांचं वाहत असणार. फक्त डोक्यावरून बोरं आणि हलवा टाकल्यावर लहान पोरं जमिनीवरचं उचलून पटकन तोंडात घालतात. बोराची बी, शेंगदाणे, हलव्याचे कडक दाणे चारच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी चुरमुरे, मऊ बिस्किटं ठेवा. बोरं मोठ्यांना वाटा.

पाळणाघर_मावशी | १२ जानेवारी, रात्री ११.१५

आणि हात धुताना वीसपर्यंत आकडे म्हणायला लावा सोळाही जणांना. धमाल येईल.

नौपाड्याची_आजी | १३ जानेवारी, सकाळी ७.५५

उद्या संक्रांत. आज भोगीची बाजरीची भाकरी तिळ लावून कर, लोणी लाव, पोराला दे. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा सगळं एका भाजीत जातं, शोधून काढून टाकायला त्याला वेळ लागतो, तोवर दोन घास पोटात जातात. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांग.

करावे_गावचा | १३ जानेवारी, सकाळी ९.००

बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्या पाठवू का? आमच्याकडून वानोळा.

सुंठसाखर | १३ जानेवारी, सकाळी ९.०४

दादा, मला त्या कालवणाची कृती फक्त वाचायला टाका. कुळीथ घालून करून बघते.

करावे_गावचा | १३ जानेवारी, सकाळी ९.०६

ताई, हे काय बोलताय!

निफाडकर | १४ जानेवारी, सकाळी ६.४०

तिळगुळ घ्या, गोड बोला. आज ठाण्यात किती?

मोगरा_कासारवडवली | १४ जानेवारी, सकाळी ६.५५

एकोणीस. लेक स्वतःहून कानटोपी घालून बसलाय, घरात.

निफाडकर | १४ जानेवारी, सकाळी ६.५७

बापरे. शेकोटी पेटवा.

मोगरा_कासारवडवली | १४ जानेवारी, सकाळी ७.०१

आजोबांना विचारलं. म्हणाले, 'पोराला धूर चालत नाही.'